समृद्धीचं शिंग आणि एका नदीचा गाळ

ग्रीक-रोमन देवतांच्या हातात एक वस्तू पुन्हा पुन्हा दिसते: वाकडं शिंग आणि त्यातून ओसंडणारी द्राक्षं, डाळिंबं, कणसं. हाच कॉर्न्युकोपिया. सुबत्ता दाखवायला टोपली चालली असती, रांजण चालला असता. मग शिंगच का?

एक कारण प्राण्याच्या शरीरातच आहे. शेळी, मेंढी, बैल यांच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावर केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्या द्रव्याचं कवच. जनावर मेल्यावर मधला थर कुजतो आणि कवच सुटं होतं. झालं फुकटचं भांडं तयार, तेही पडलं तरी न फुटणारं! सांबराचं शिंग भरीव हाडाचं, त्यात घोटभरही मावणार नाही. ग्रीक लोक अशा पोकळ शिंगांतून मद्य पीत.

कथा मात्र दोन आहेत आणि त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. पहिली क्रीट बेटावरची. तान्ह्या झ्यूसला अमाल्थिया नावाच्या शेळीनं दूध पाजलं (काही ठिकाणी अमाल्थिया ही शेळीची मालकीण आहे). शेळीचं शिंग मोडलं, ते फळांनी भरून झ्यूसला दिलं गेलं. दुसरी कथा पश्चिम ग्रीसमधल्या अखेलूस नदीची. बैलाचं रूप घेतलेल्या या नदीदेवाशी हेराक्लीस झुंजला आणि त्याचं एक शिंग त्यानं उपटलं. जलपऱ्यांनी ते फळाफुलांनी भरलं.

मला ही दुसरी कथा जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यामागे खरा भूगोल आहे. अखेलूस पिंडस पर्वतातून प्रचंड गाळ आणते. मुखासमोरची निम्मी बेटं तिनं गाळानं किनाऱ्याला जोडून टाकली आहेत, असं हेरोडोटसनं इसवी सनपूर्व पाचव्या शतकातच लिहून ठेवलं. तिथल्या ओइनियादाई या प्राचीन बंदरात जहाजं ठेवण्याच्या शेडचे अवशेष आहेत, पण आज त्यांच्यासमोर समुद्र नाही, सपाट जमीन आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्ट्रेबो या भूगोलकारानं कथेचा अर्थही सांगितला: नदी बैलासारखी डरकाळते, तिची वळणं शिंगांसारखी; हेराक्लीसनं बांध घालून तिला आवरलं आणि पाण्याखालची सुपीक जमीन मोकळी केली. तीच जमीन म्हणजे समृद्धीचं शिंग. हेराक्लीस बाजूला ठेवला, तरी पूरनियंत्रण आणि गाळाची शेती यांचं हे वर्णन आजच्या अभियंत्यालाही पटेल. नाईल नदीच्या रोमन मूर्तीच्या हातात हेच शिंग आहे, यात नवल नाही.

इजिप्तच्या टॉलेमी राजांनी राणी अर्सिनोई दुसरी हिच्या सोन्याच्या नाण्यांवर तर जोडशिंग घातलं. नाण्यांवरूनच ते पूर्वेकडे सरकलं. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातल्या अझेस या शक राजाच्या नाण्यांवर शिंग घेतलेली ग्रीक देवी आहे. पुढे कुषाणांनी तिच्या जागी आपली अर्दोक्षो बसवली, शिंग तसंच ठेवून. उत्तरकालीन कुषाण नाण्यांच्या मागच्या बाजूला सिंहासनावरची अर्दोक्षो ठरूनच गेली होती.

गुप्त राजांच्या टाकसाळीनं सुरुवातीला हाच साचा गिरवला. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर देवी सिंहासनावर बसली आहे आणि डाव्या हातात क्रीटच्या शेळीचं, किंवा अखेलूसचं म्हणा, शिंग आहे. राजस्थानात बयाना इथं 1946 मध्ये गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यातल्या हाती आलेल्या 1821 नाण्यांचा अभ्यास केला तो मूळच्या कोल्हापूरकडच्या अनंत सदाशिव आळतेकरांनी. गुप्त नाणी क्रमानं लावली की बदल दिसतो. चंद्रगुप्त दुसरा याच्या काळात देवीच्या हातातल्या शिंगाची जागा कमळ घेतं, मग सिंहासनही जातं आणि ती कमळावरच बसते. लक्ष्मीच्या हाती शिंग कशासाठी, हे बहुधा तिथल्या कारागिरांना आणि नाणी वापरणाऱ्यांना उमगत नसावं. चिखलातून उगवणारं कमळ मात्र त्यांच्या गावच्या तळ्यातच होतं.