जुन्या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी तेल निवडताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मुक्तीपूर्व काळात परदेशांतून थेट गोव्यात आलेल्या, तसेच पुढे आखातातून परतणाऱ्या गोवेकरांनी सोबत आणलेल्या गाड्यांपैकी काही आजही म्हापसा, मडगाव, फोंडा या भागांत मालकांनी जिवापाड जपल्या आहेत. त्यांपैकी ऑटोमॅटिक गाड्यांचे मालक आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेकांची मागणी एकच असते, की सर्वांत नवे आणि सर्वांत चांगले एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, द्या. आम्ही लगेच डबा काढून देत नाही, आधी गिअरबॉक्स कोणता आहे ते विचारतो. चुकीच्या जातीचे महाग तेल हे योग्य जातीच्या साध्या तेलापेक्षा गिअरबॉक्सचे कितीतरी अधिक नुकसान करते, आणि हे नुकसान सुरुवातीला जाणवतही नाही.

इंजिन ऑइलचे मुख्य काम झीज रोखण्याचे असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेलाला त्याखेरीज टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या प्रवाहाने जोडणाऱ्या भागातून) इंजिनाची ताकद पुढे पोहोचवावी लागते, व्हॉल्व्ह बॉडीतून, म्हणजे तेलाचा दाब योग्य वाटेने वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यातून, दाब देऊन गिअर बदलावे लागतात आणि आतली उष्णता बाहेर न्यावी लागते. या सगळ्यांहून नाजूक काम क्लच प्लेट आणि बँड (आतले ड्रम आवळून धरणारे पट्टे) यांना ठरलेल्या रीतीने पकड घेऊ देण्याचे आहे, आणि तेलांच्या जाती मुख्यतः याच कामावरून वेगळ्या झाल्या आहेत.

गिअर बदलताना क्लच प्लेटा क्षणभर एकमेकींवर घसरतात आणि मग घट्ट धरतात. फोर्डच्या १९६७ च्या टाइप एफ तेलात घर्षण मऊ करणारे रसायन नसते. त्यामुळे घसरण कमी होत जाते तशी पकड वाढत जाते आणि गिअर चटकन, थोडा झटका देऊन बसतो. त्याच वर्षी जनरल मोटर्सने आणलेल्या डेक्सरॉन तेलात हे रसायन असते, म्हणून शेवटच्या क्षणी पकड सौम्य राहते आणि गिअर अलगद बसतो. टाइप एफसाठी बनवलेल्या गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन भरले, तर गाडी पहिल्यापेक्षा मुलायम चालू लागते आणि मालक समाधान पावतो. परंतु प्रत्येक गिअरबदलाला प्लेटा अधिक वेळ घसरत राहतात, तापतात आणि हळूहळू जळतात. उलट बाजूने, डेक्सरॉनच्या गिअरबॉक्समध्ये टाइप एफ घातल्यास गिअर धडकन बसतात आणि तो धक्का पुढे शाफ्ट व जॉइंटपर्यंत जातो. पहिली चूक दुसरीपेक्षा वाईट आहे असे आमचे मत आहे, कारण दुसरी चूक गाडी स्वतः सांगते आणि पहिली लपून राहते.

डेक्सरॉन हे नावही एकाच तेलाचे नाही. सुरुवातीच्या काळात घर्षण सौम्य करण्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशापासून काढलेले तेल मिसळत असत. त्यावर अमेरिकेत बंदी आल्यानंतर १९७३ मध्ये डेक्सरॉन २ आले. १९९३ मध्ये डेक्सरॉन ३ आणि २००५ मध्ये डेक्सरॉन ६ आले. डेक्सरॉन ३ चे परवाने २००६ च्या अखेरीस संपले, त्यामुळे आज बाजारात त्या नावाशी मिळतेजुळते लिहिलेल्या डब्यांची जनरल मोटर्स तपासणी करत नाही आणि ग्राहकाला केवळ उत्पादकाच्या नावलौकिकावर विसंबावे लागते. डेक्सरॉन ६ आपल्या जुन्या गिअरबॉक्सनाही चालते असे जनरल मोटर्स सांगते. मात्र ते आधीच्या तेलांपेक्षा पातळ आहे, आणि चाळीस-पन्नास वर्षे वापरलेल्या, सील व रिंगा झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये पातळ तेलाने आतला दाब गळण्याची शक्यता वाढते. म्हणून डेक्सरॉन २ साठी बनलेल्या गाडीला आम्ही भरवशाच्या उत्पादकाचे डेक्सरॉन ३ च्या प्रतीचे तेलच सुचवतो.

साठ आणि सत्तरच्या दशकांतील अनेक ब्रिटिश गाड्यांत तसेच जुन्या व्होल्वोंत आढळणाऱ्या बोर्ग-वॉर्नर ३५ या गिअरबॉक्सला साधारणपणे टाइप एफ किंवा टाइप जी लागते. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मालिकेतील ऑटोमॅटिकला डेक्सरॉन २ चा वर्ग चालतो. टोयोटाच्या बाबतीत विशेष सावध राहावे, कारण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या काही गिअरबॉक्सना टाइप एफ आणि त्यानंतरच्यांना डेक्सरॉन २ लागते, आणि बाहेरून पाहता दोन्ही गाड्या सारख्याच दिसू शकतात. मूळ पुस्तिका किंवा डिपस्टिकवर (तेलाची पातळी पाहण्याच्या पट्टीवर) कोरलेली अक्षरे हाच खरा आधार मानावा. सीव्हीटीचे, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या नव्या प्रकारच्या ऑटोमॅटिकचे, तेल यांपैकी कोणत्याही गिअरबॉक्समध्ये चालत नाही.

तेलाच्या रंगावरून जात ओळखू नये. लाल रंग हा केवळ मिसळलेला असतो, तो गळती इंजिन ऑइलची की गिअरबॉक्सची हे ओळखता यावे म्हणून. टाइप एफ आणि डेक्सरॉन दोन्ही लालच असतात. रंगावरून तेलाची अवस्था मात्र कळते. डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून काही वेळ ठेवावा. तो लालसर राहून सर्वत्र पसरला तर तेल ठीक आहे. मध्यभागी काळपट ठिपका राहिला आणि जळका वास आला तर क्लच प्लेटा जळत आहेत असे समजावे. तेल दुधाळ गुलाबी दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून गंजल्याने असे होते, आणि पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी नेल्यास गिअरबॉक्सच्या श्वासनळीतूनही (हवा ये-जा करण्याच्या नळीतूनही) पाणी आत जाऊ शकते. क्लच प्लेटांवरचे अस्तर कागदी असते; ते पाणी शोषते आणि त्याचा गोंद सुटतो, त्यामुळे नुसते तेल बदलून भागत नाही. अशी गाडी चालवत आणू नये, टो करून आणावी.

आधी चुकीचे तेल भरले गेले असेल, तर चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे भांडे) एकदा रिकामा करून ते निघत नाही, कारण बरेचसे तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. समजा एकूण तेल आठ लिटर आहे आणि चेंबरमधून तीन लिटर निघते. पहिल्या बदलानंतर जुने तेल सुमारे ६२ टक्के उरते, दुसऱ्यानंतर ३९ आणि तिसऱ्यानंतरही २४ टक्के. ज्या कन्व्हर्टरला ड्रेन प्लग आहे, उदाहरणार्थ जुन्या मर्सिडीजमध्ये, तिथे हे काम एकाच वेळी होते. इतर गाड्यांत आम्ही थोडे थोडे अंतर चालवून बदल करतो आणि पहिल्या वेळी चेंबर उघडून फिल्टरही पाहतो. तळाशी बारीक करडा गाळ असणे स्वाभाविक आहे. धातूचे चकचकीत कण दिसले तर तेलाची निवड बाजूला ठेवून गिअरबॉक्स उघडण्याचा विचार करावा लागतो.

पातळी पाहण्याची रीत प्रत्येक बनावटीची वेगळी असते. मर्सिडीजमध्ये तेल पूर्ण तापलेले, इंजिन चालू आणि लिव्हर पी (पार्क) वर असताना पाहतात, तर क्रायस्लरच्या अनेक गाड्यांत लिव्हर एन (न्यूट्रल) वर ठेवून. मर्सिडीजच्या डिपस्टिकवरच्या दोन खुणांमध्ये जेमतेम ०.३ लिटरचे अंतर आहे, तेव्हा अंदाजाने अर्धा लिटर ओतू नये. जादा तेल फेसाळते आणि पंप हवा ओढू लागतो. डिपस्टिक पुसण्यासाठी गॅरेजमधले कॉटन वेस्ट वापरू नये, कारण त्याचा एक धागाही व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो. धागे न सुटणारे स्वच्छ कापड वापरावे.

चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना, किंवा भर उन्हात वाहतुकीच्या कोंडीत तासभर सरकताना तेल फार तापते. साधारण ८० अंशांच्या वर दर दहा-अकरा अंशांनी तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणून घाटाने नेहमी ये-जा करणाऱ्यांनी पुस्तिकेतील मुदतीपेक्षा लवकर तेल बदलावे. चवथीपुरती बाहेर काढून एरवी उभी राहणारी गाडी असेल, तर किलोमीटर न मोजता वर्षे मोजावीत.

तेल घेण्यासाठी येताना गाडीची मूळ पुस्तिका, गिअरबॉक्सवरील क्रमांकपट्टीचे छायाचित्र आणि मागील वेळी भरलेल्या तेलाचा डबा किंवा पावती सोबत आणावी. यांपैकी काहीच हाताशी नसल्यास गाडीच आणावी. चेंबरचा आकार आणि बोल्टांची मांडणी पाहून गिअरबॉक्स बहुधा ओळखता येतो. जुने तेल गटारात किंवा बागायतीत ओतू नये. झाकण असलेल्या डब्यात भरून ते आमच्याकडे आणून द्यावे, आम्ही ते विनामूल्य स्वीकारतो.