जुन्या गाडीचा विमा: आयडीव्ही म्हणजे ॲग्रीड व्हॅल्यू नव्हे

जुन्या गाड्यांची हौस असणाऱ्या लोकांत बसलं की विम्याचा विषय निघतोच आणि निघाला की दोन शब्दांची हमखास गल्लत होते, एक आयडीव्ही (इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसीत लिहिलेली गाडीची विमा किंमत) आणि दुसरा ॲग्रीड व्हॅल्यू (आधीच पक्की केलेली किंमत). दोन्हीकडे गाडीसमोर एक आकडा लिहिलेला असतो, दोन्हीकडे तो आकडा आपण आणि कंपनीनं मिळून ठरवलाय असं वाटतं, त्यामुळं लोक दोन्ही एकच धरून चालतात. सोलापुरात तर हा विषय जिव्हाळ्याचा आहे कारण आपल्याकडं जुनी फियाट, पद्मिनी, ॲम्बेसेडर, विलीज जीप सांभाळणारी घरं अजून आहेत, आणि फियाट-पद्मिनी बनवणारी प्रीमियर कंपनी काढली ती याच गावात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी, १९४४ मध्ये. असल्या गाडीवर जीव लावून खर्च केलेला असतो आणि पॉलिसीत किंमत चाळीस हजार! हे बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आयडीव्ही. नवीन गाडीचं गणित सोपं आहे, गाडी बनवणाऱ्या कंपनीची शोरूमची किंमत घ्यायची आणि वयानुसार घसारा (जुनेपणामुळं घटलेली किंमत) कापायचा, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षभरापर्यंत १५, मग २०, ३०, ४० आणि चौथ्या-पाचव्या वर्षाच्या दरम्यान ५० टक्के. पाच वर्षांनंतर मात्र हा तक्ता संपतो. पाच वर्षांच्या वरची गाडी किंवा ज्या मॉडेलचं उत्पादनच बंद झालंय त्याची आयडीव्ही विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असा नियम आहे. आता १९६८ च्या फियाटची शोरूम किंमत कोण काढणार, म्हणजे जुन्या गाडीवाल्यांच्या बाबतीत आयडीव्ही हा बोलून ठरवायचाच आकडा आहे. पण प्रत्यक्षात होतं काय, एजंट विचारतो "मालक, किती टाकू?" आणि आपण म्हणतो "प्रीमियम कमी बसेल असं टाका की ओ", संपलं.

हे "कमी टाका" किती महागात पडतं ते एकदा नीट बघा. समजा फियाटची आयडीव्ही साठ हजार टाकली आणि तुम्ही गाडीवर इंजिन, रंग, सीटा, क्रोम सगळं धरून पाच लाख घातलेत. सात रस्त्याला मागनं टेम्पोनं दाबली, डिकी आत गेली, मागचा बंपर वाकला, एक मडगार्ड चेपलं. नवीन गाडीला असतो तसा तयार पार्ट मिळत नाही, मिस्त्री पत्रा हातानं ठोकून आकार देणार, त्याची मजुरीच मोठी, वर बंपरला परत क्रोम, वर रंग, आणि जुना रंग जुळत नाही म्हणून बहुतेक अख्ख्या बाजूला मारायला लागणार. सर्व्हेअरनं (नुकसान तपासणाऱ्यानं) पॉलिसीच्या अटी लावून खर्च धरला पन्नास हजार. आता नियम असा की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेली असं धरतात. साठ हजाराचे ७५ टक्के म्हणजे पंचेचाळीस हजार. म्हणजे जी गाडी स्वतः चालत गॅरेजपर्यंत गेली ती कागदावर संपली! तुमच्या हातात साठ हजारातून सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये मालकानं सोसायची रक्कम) जाऊन राहील ते, आणि तुमची गाडी हिशोबात भंगार. कमी आयडीव्हीनं नुसते पैसे कमी मिळतात असं नाही, साधी ठोकर लागलेली गाडी मेलेली ठरते, आणि ही गोष्ट एजंट कधी सांगत नाही.

आता ॲग्रीड व्हॅल्यू. हा वेगळा पॉलिसीचा प्रकार आहे, यात किंमत आधीच पक्की केलेली असते आणि गाडी पूर्ण गेली तर घसारा न कापता तेवढी रक्कम द्यायची असं ठरलेलं असतं. आपल्याकडं २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये (वाहन विम्याच्या दर आणि नियमांच्या पुस्तकात) अशी पॉलिसी द्यायला सरसकट मनाई होती, मुभा फक्त विंटेज गाडीला, आणि तिथं विंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० च्या आधी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियानं तसं सर्टिफिकेट दिलेली गाडी. अशा गाडीला ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २५ टक्के सूटही त्याच टॅरिफमध्ये होती. एखाद्या जुन्या वाड्यात किंवा गिरणीमालकाच्या बंगल्यात तीसच्या दशकातली अमेरिकन गाडी उभी असेल तर तिच्यासाठी हा मार्ग आहे आणि तो सोडू नये, क्लबचं सर्टिफिकेट आणि नीट व्हॅल्युएशन करून घ्यावं. पण तुमची ॲम्बेसेडर मार्क टू, तुमची पद्मिनी, यांना ॲग्रीड व्हॅल्यू मागत बसाल तर शाखेतला माणूस बहुधा नाहीच म्हणणार आणि त्याचं चूक नाही.

इथं गोंधळ वाढवलाय तो अमेरिकन व्हिडिओंनी. तिकडं तीन प्रकार चालतात, एक बाजारभाव, दुसरी स्टेटेड व्हॅल्यू आणि तिसरी ॲग्रीड. स्टेटेडमध्ये तुम्ही किंमत सांगता पण क्लेमच्या वेळी बाजारभाव त्याहून कमी निघाला तर साधारणपणे तो कमी आकडाच हातात पडतो, म्हणून तिकडचे लोक ओरडून सांगतात की ॲग्रीडच घ्या. ते बघून आपले लोक धरतात की आयडीव्ही म्हणजे ती स्टेटेड व्हॅल्यू, कितीही टाकली तरी शेवटी कंपनी बाजारभावच लावणार, मग जास्त टाकून उपयोग काय. तसं नाहीये. आपल्या स्टँडर्ड पॉलिसीत स्पष्ट लिहिलंय की टोटल लॉसच्या क्लेमसाठी आयडीव्ही हीच पॉलिसीच्या मुदतभर बाजारभाव मानली जाईल, त्यावर पुढं घसारा नाही. म्हणजे पन्नास वर्षं जुन्या गाडीची आयडीव्ही तुम्ही कागदपत्रांसह पाच लाख मान्य करून घेतली, तर त्या वर्षात गाडी चोरीला गेल्यावर हिशोब पाच लाखापासूनच सुरू होतो. ॲग्रीड व्हॅल्यूचं नाव मिळालं नाही तरी टोटल लॉसमध्ये तिचं बरंचसं काम आयडीव्हीकडून करून घेता येतं, फक्त ते मागून घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर १९४० नंतरच्या गाडीवाल्यानं नावासाठी भांडण्यापेक्षा सगळी ताकद आकड्यावर लावावी.

आरटीओतलं विंटेज परत वेगळंच, त्याची यात सरमिसळ करू नका. जुलै २०२१ मध्ये मोटर वाहन नियमांत बदल झाला, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, म्हणजे चासी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार न केलेली खाजगी दुचाकी-चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंतर पाच हजार, नंबरात व्हीए अक्षरं येतात, आधीपासून नोंदणी असलेल्याला जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे १९६८ ची फियाट आरटीओच्या लेखी विंटेज होईल पण विम्याच्या १९४० च्या व्याख्येत बसणार नाही! फायदा मात्र एक आहे, जून २०२२ च्या थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याच्या) दरांत विंटेज म्हणून नोंद असलेल्या खाजगी गाडीला ५० टक्के सूट दिली. फियाटचं इंजिन १०८९ सीसी, म्हणजे हजार ते दीड हजारच्या गटात, तिथं दर ३,४१६ होता, त्याचा निम्मा १,७०८. पण व्हीए नोंद घेतली की गाडी रोज नवी पेठेत भाजी आणायला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची असा नियम आहे. जो माणूस दर रविवारी गाडी बाहेर काढतो त्यानं सतराशे रुपयांसाठी हे बंधन घ्यावं असं मला वाटत नाही.

वरातीला जुनी गाडी भाड्यानं देणाऱ्यांनी तर जास्तच जपून राहावं, खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्यानं वापर चालत नाही, त्या दिवशी काही झालं तर क्लेम अडकणारच.

अजून एक गैरसमज, आणि हा दोन्ही प्रकारांना लागू आहे. ॲग्रीड व्हॅल्यू असो की तगडी आयडीव्ही, ते गाडी पूर्ण गेल्यावरचं गणित आहे, छोट्या दुरुस्तीत पार्टवरचा घसारा वेगळा कापला जातो. दहा वर्षांवरच्या गाडीला पत्र्याच्या आणि लाकडाच्या पार्टवर ५० टक्के, रबर-प्लास्टिक, टायर, बॅटरीवर ५० टक्के, रंगाच्या मालावर ५० टक्के, फक्त काचेला काही नाही. झिरो डेप (पार्टवरचा घसारा न कापणारं जादा कवच) म्हणाल तर एवढ्या जुन्या गाडीला कोणी देत नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, दाराच्या रबर बीडिंगा, होज पाइप वाळून तडकतात, ते तर झीज म्हणून क्लेममध्ये धरतच नाहीत. वायरिंग जुनं असल्यानं आग लागायची भीती असते पण आग आणि आपोआप पेट घेणं हे ओन डॅमेजमध्ये येतं, म्हणून नुसती थर्ड पार्टी काढून गप्प बसणाऱ्यांनी एकदा बोनेट उघडून ती कापडी वेष्टणाची वायर हातात धरून बघावी. आणि माळ्यावर जपून ठेवलेली जादाची जाळी, दिवे, बंपर हे गाडीच्या पॉलिसीत नाहीत, त्याला घराचा विमा लागतो.

आकडा वाढवून कसा घ्यायचा? ऑनलाइन पोर्टलवर नाही, तिथं बऱ्याचदा एवढं जुनं मॉडेलच यादीत नसतं. सरळ शाखेत जायचं, सरकारी चारपैकी कुठल्याही कंपनीच्या, आणि शक्यतो पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी कारण मंजुरी वरनं यायला वेळ लागतो. सोबत मान्यताप्राप्त व्हॅल्युअरचा रिपोर्ट, आरसी, चारही बाजूंचे आणि चासी-इंजिन नंबरचे फोटो, आणि रिस्टोरेशनची बिलं. पत्र्यावाला, सीटवाला पक्कं बिल देत नाही ही आपली नेहमीची अडचण, तर निदान त्याच्या लेटरहेडवर कामाचा तपशील आणि पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा तरी ठेवा. मूळ रेडिओ किंवा नंतर लावलेली ॲक्सेसरी असेल तर तिची किंमत वेगळी लिहून घ्या.

प्रीमियमला घाबरू नका. जुन्या टॅरिफप्रमाणं सोलापूर झोन बी मध्ये येतं, पुणे-मुंबई झोन ए, आणि दहा वर्षांवरच्या १००० ते १५०० सीसी गाडीला झोन बी चा दर ३.४३ टक्के होता. साठ हजाराला २,०५८ आणि पाच लाखाला १७,१५०, वर जीएसटी. आता टॅरिफची सक्ती उठलीय, कंपन्या यावर सूट देतात, तर घासाघीस याच्यावर करा, आयडीव्हीवर नको.

पॉलिसी हातात आली की पहिलं पान वाचा, आणि दर वर्षी परत वाचा, कारण रिन्युअलला आयडीव्ही न विचारता थोडी थोडी खाली सरकलेली असते आणि दोन-तीन वर्षांत तुमचे पाच लाख साडेतीनवर आलेले असतात. आणि मुदत चुकवू नका, खंड पडला की गाडीची परत तपासणी होते, नव्वद दिवसांवर गेलं तर नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दलची सूट) जातो आणि व्हॅल्युएशनची चर्चा पहिल्यापासून सुरू करावी लागते.