देल वेक्यो, लिओनार्दो

(२२ मे १९३५ – २७ जून २०२२). इटालियन उद्योजक आणि ‘लक्सॉटिका’ या चष्मानिर्मिती कंपनीचे संस्थापक. जन्म मिलान येथे. दक्षिणेतल्या बार्लेत्ताहून आलेले वडील मिलानच्या रस्त्यांवर भाजी विकत. मुलाच्या जन्माआधीच ते वारले. घर चालवणे अशक्य झाल्याने आईने सात वर्षांच्या लिओनार्दोला ‘मार्तिनित’ या अनाथाश्रमात ठेवले. तिथून बाहेर पडल्यावर पदके आणि करंडक बनवणाऱ्या एका कारखान्यात ते उमेदवारी करू लागले आणि रात्री ब्रेरा कला अकादमीत आरेखन शिकले.

त्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचे मूळ या हातकामात आहे. धातूची फ्रेम म्हणजे काच धरणारे दोन गोल, नाकावरचा पूल, दोन काड्या आणि त्यांना जोडणाऱ्या इवल्याशा बिजागऱ्या. बिजागरी केसभर जरी चुकली तरी काडी कानावर बसत नाही. हे भाग पाडणारे साचे बनवण्यात देल वेक्यो तरबेज होते.

उत्तर इटलीच्या बेल्लुनो प्रांतात चष्म्याचा धंदा एकोणिसाव्या शतकापासून रुजलेला होता. त्याच प्रांतातल्या, डोलोमाइट पर्वतरांगेतल्या आगोर्दो गावात जवळची खाण बंद पडू लागली होती. कारखाना काढणाऱ्याला गाव जमीन फुकट देत होते. १९६१ मध्ये देल वेक्यो तिथे गेले आणि मूठभर कामगारांना घेऊन इतर उत्पादकांसाठी सुटे भाग बनवू लागले. काही वर्षांत ते पूर्ण चष्मे करू लागले आणि १९७१ पासून त्यांनी दुसऱ्यांसाठी माल बनवणे थांबवले. दुसऱ्याच्या नावावर कितीही चांगला माल केला तरी भाव ठरवणारा दुसराच असतो, हे त्यांनी ओळखले होते. १९७४ मध्ये त्यांनी एक वितरण कंपनीही घेतली.

१९८८ चा फॅशन आरेखक जॉर्जिओ अरमानी यांच्याशी झालेला, त्यांच्या नावाने चष्मे बनवण्याचा परवाना करार हा मोठा टप्पा. नंबर लागला म्हणून नाइलाजाने घ्यायची वस्तू आता हौसेने मिरवायची झाली. १९९० मध्ये कंपनीच्या शेअरची न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदणी झाली. १९९५ मध्ये त्यांनी ‘यू. एस. शू’ ही अमेरिकन कंपनी सुमारे १.४ अब्ज डॉलरना घेतली. त्यांना पादत्राणांत रस नव्हता. हवी होती ती तिच्या मालकीची ‘लेन्सक्राफ्टर्स’ ही चष्म्यांच्या दुकानांची साखळी.

१९९९ मध्ये ‘बॉश अँड लॉम्ब’कडून ६४ कोटी डॉलरना ‘रेबॅन’ आली. आपल्याकडे एका पिढीला गॉगल म्हणजे हिरवट काचेचा रेबॅनच माहीत होता. अमेरिकेत मात्र तो तोवर स्वस्तात, कुठल्याही दुकानात मिळू लागला होता. देल वेक्यो यांनी अशा हजारो दुकानांतून तो काढून घेतला, दर्जा सुधारला आणि मगच किंमत वाढवली. विक्री बुडवून नाव वाचवायचा हा निर्णय माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी होय. ‘सनग्लास हट’ ही गॉगलच्या दुकानांची साखळी (२००१) आणि ‘ओकली’ हा गॉगलचा ब्रँड (२००७) यांची खरेदी त्यानंतरची.

२००४ मध्ये आंद्रेआ ग्वेर्रा यांच्याकडे कारभार सोपवून ते केवळ अध्यक्ष राहिले. २०१४ मध्ये ग्वेर्रा बाहेर पडले आणि वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा कामात उतरले. २०१८ मध्ये फ्रान्सच्या ‘एसिलॉर’ या भिंगनिर्मात्या कंपनीशी विलीनीकरण पूर्ण झाले. फ्रेम, काच, ब्रँड आणि दुकान असे सगळे एकाच छत्राखाली आले. ग्राहकाला दुकानात दहा नावे दिसतात, पण त्यांतली बरीच एकाच घरची असतात, आणि त्यामुळे किमती चढ्या राहतात, अशी टीका या कंपनीवर सतत होते. ती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कामगारांशी मात्र त्यांचे नाते घट्ट राहिले. २००९ पासून कंपनीने वेतनाशिवाय इतर सवलतींची योजना सुरू केली आणि २०१५ मध्ये ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांनी इटलीतल्या कामगारांना स्वतःचे शेअर वाटले. त्यांचे निधन मिलानमध्ये झाले. अखेरचा निरोप आगोर्दोच्या क्रीडा सभागृहात देण्यात आला.