नेम धरा, पण वाईट दिवशीही जमेल एवढाच
(आमच्या व्यायामशाळेत नाव घालण्याआधी वाचायचं माहितीपत्रक)

नमस्कार.

जानेवारी लागला की आणि दिवाळी सरली की आमच्याकडे नाव घालायला गर्दी होते. पहिले पंधरा दिवस डंबेल मोकळं मिळत नाही. शिमग्यापर्यंत त्यातले बरेच चेहरे दिसेनासे होतात. ही माणसं आळशी नसतात. दुकान, शाळा, शेती, घरातलं आजारपण असं सगळं वर्षानुवर्षं निभावणारी माणसं असतात. पण पहिल्याच दिवशी त्यांनी रोज दीड तास व्यायाम, भात बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद असं सगळं एकदम अंगावर घेतलेलं असतं. मग एखादं लग्न येतं, पोराला ताप येतो, सगळं एका झटक्यात सुटतं आणि परत यायला संकोच वाटतो.

म्हणून नवीन माणसाकडून आम्ही वर्षाची फी घेत नाही. पहिले तीन महिने, महिन्याची फी महिन्याला. वर्षाचे पैसे भरले की आपण येऊच, असं प्रत्येकाला वाटतं. पैसे भरल्याने कुणी येत नाही, हे आम्ही इतक्या वेळा बघितलंय की ते पैसे घ्यायला मन धजत नाही.

खुराक राहिला, मेहनत गेली

आपलं कोल्हापूर तालमींचं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी नांदल्या. त्यामुळे 'खाऊन-पिऊन तब्येत करणे' हे आपल्या बोलण्यातच आहे. त्याचा अभिमान मलाही आहे. पण माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो.

माझे वडील तेराव्या वर्षी गावाकडून कोल्हापुरात तालमीत राहायला आले. पहाटे चारला उठायचं, जोर-बैठका मारायच्या, हौद्यातली लाल माती खणायची, लढत करायची आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, सगळं त्या मेहनतीत जिरत होतं. पंचविशीत गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. खुर्चीवरची नोकरी लागली. ताट मात्र पैलवानाचंच राहिलं. आई तेवढ्याच मायेनं वाढत होती, वडील तेवढ्याच मायेनं खात होते. चाळिशी गाठायच्या आत साखर निघाली.

आज कोल्हापुरात हेच घरोघरी झालंय. आजोबांचा खुराक आपण जपला आणि आजोबांची मेहनत मोटरसायकलवर बसून सोडून दिली.

वडिलांनी पुढे साखर आटोक्यात आणली. त्यांना औषधांचा उपयोग झाला, आहार बदलल्याचा झाला, पण सगळ्यात जास्त झाला तो तालमीतल्या दुसऱ्या शिकवणीचा. ती म्हणजे वेळ. वस्ताद कधी 'आज येतोस का?' असं विचारत नसत. चार वाजले की पोरं उठायची. याला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: नेम. कुणाचा शुक्रवारी अंबाबाईला जायचा नेम असतो, कुणाचा रविवारी जोतिबाला, कुणाचा एकादशीचा. असा नेम धरलेल्या माणसाला रोज सकाळी स्वतःच्या मनाची परवानगी काढावी लागत नाही. व्यायामाचं आणि जेवणाचं असंच झालं तर ते टिकतं.

एकवीस दिवसांत सवय लागते, हे खरं नाही

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून एक नवी सवय निवडायला सांगितली आणि 12 आठवडे त्यांची नोंद ठेवली. सवय आपोआप घडू लागायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाचं 18 दिवसांत जमलं, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशोब निघाला. साधी सवय लवकर बसली, व्यायामाची उशिरा. आणि आम्हाला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही, की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही.

म्हणून आमच्याकडे पहिल्या महिन्यात वजनकाट्यावर उभं करत नाही. वहीत फक्त हजेरी बघतो.

नेम किती मोठा असावा? तुमच्या सगळ्यात वाईट दिवशी, म्हणजे साहेब ओरडलेत, लाईट गेलीय, पाहुणे आलेत अशा दिवशीही होईल एवढाच. त्याला जागा मात्र पक्की हवी. 'सकाळी करीन' असं म्हटलं की सकाळ निघून जाते. 'दूध गॅसवर ठेवलं की करीन' असं म्हटलं की होतं, कारण दूध रोज तापतंच.

तेच उदाहरण घेऊ. दूध मंद आचेवर ठेवा. ओट्यापासून दोन पावलं मागं या, दोन्ही तळवे ओट्याच्या कडेवर खांद्याएवढ्या अंतरावर टेका. टाच ते डोकं अंग एका रेषेत ठेवा, पोटाला बाक नको. श्वास घेत कोपर वाकवा, छाती ओट्याजवळ न्या, श्वास सोडत परत या. हा झाला ओट्यावरचा जोर. आठ मारा. मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसा आणि हात न टेकता उठा, पुन्हा सावकाश बसा. धपकन बसायचं नाही, बसताना तीन मोजायचे. ही बैठक. हीसुद्धा आठ वेळा. तोवर दूध वर आलेलं असतं. पन्नाशीच्या मावशीही हे सुरू करू शकतात, आणि आमच्याकडे केलंय.

जोर-बैठका आम्ही एवढ्या लावून धरतो त्याला कारण आहे. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि नुसत्या चालण्याने ते भरून येत नाहीत. म्हातारपणी जमिनीवरून एकट्याने उठता येणं, संडासात आधार न लागणं, पाय घसरला तर सावरणं, हे सगळं मांड्यांच्या ताकदीवर असतं. जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं हेच: मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं दम लागेल असं चालावं किंवा तसं काही करावं, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. 150 मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, अर्धा-अर्धा तास. तेही दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून चालतं. जेवणानंतरची दहा मिनिटं तर साखर असलेल्यांनी सोडूच नयेत, त्याने जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते.

चालायला रंकाळा आहे, विद्यापीठाचा परिसर आहे, राजाराम तलाव आहे, कळंबा आहे. वेग किती हवा? बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा.

इथला खरा अडथळा पावसाळा. जूनमध्ये फेरी तुटते ती दसऱ्यापर्यंत जोडली जात नाही. पुराच्या वर्षी तर कित्येकांचा महिना-महिना गेला. म्हणून मे महिन्यातच पावसाळ्याचा नेम ठरवून ठेवा: जिना चढ-उतार दहा मिनिटं, घरातल्या घरात जागेवर चालणं दहा मिनिटं, आणि दुधाबरोबरचे जोर आहेतच.

तेलाच्या डब्यावर तारीख घाला

जेवणाबद्दल आम्ही तक्ता देत नाही. तक्ता फ्रीजवर चिकटतो आणि महिनाभरात त्याच्यावर हळदीचे डाग पडतात, बाकी काही होत नाही. त्याऐवजी घरातल्या एका डब्याकडे बघा.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला वरून घेतलेलं तेल-तूप 20 ते 25 ग्रॅम पुरतं. चौघांच्या घराला महिन्याला साधारण तीन लिटर. आमच्याकडे येणाऱ्या एका वहिनींनी पाच लिटरचा डबा फोडताना त्यावर मार्करने तारीख घातली. तो 29 दिवसांत संपला. म्हणजे माणशी रोज जवळजवळ 39 ग्रॅम, आणि एका ग्रॅम तेलात 9 कॅलरी. त्यांनी घरात कुणाला काही सांगितलं नाही. पळी काढून ठेवली आणि डब्याजवळ चमचा ठेवला. कांदा तेलात बुडवून परतण्याऐवजी चिमूट मीठ घालून झाकण ठेवायला लागल्या, कांदा स्वतःच्याच पाण्यात मऊ होतो. कणकेत तेल घालायचं बंद केलं. तळण रविवारपुरतं ठेवलं. चौथा डबा 45 दिवस गेला. माणशी 25 ग्रॅम. नवऱ्याला चवीत काय बदललं ते अजून कळलेलं नाही, आणि आम्हीही सांगणार नाही.

तांबड्या रश्श्याचं काय, हा प्रश्न पहिल्या दिवशीच येतो. रस्सा सोडायचा नाही. मसाला नेहमीसारखाच परता, रस्सा उकळला की गॅस बंद करून दहा मिनिटं थांबा. तवंग वर येतो, तो पळीने वाटीत काढा आणि वाटी पानाजवळ ठेवा, ज्याला हवा तो घेईल. उरलेला दुसऱ्या दिवशी पिठल्याच्या फोडणीला लागतो, चव तर विचारूच नका. मिसळीच्या कटाचंही तेच. आणि भाकरी आधी वाढा, पाव नंतर.

आता गुळाबद्दल. आपला गूळ आपल्या मातीतला, त्याच्याबद्दल वावगं बोलायचं जिवावर येतं. तरीही तो साखरच आहे, कॅलरी जवळपास तेवढ्याच. साखर असलेल्या माणसाने 'मी गुळाचा चहा घेतो' म्हणून निर्धास्त राहू नये. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे, असा हिशोब धरला तर 40 ते 50 ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. कप कमी करायला जड जातं, चमचा कमी करायला नाही. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करा, जीभ कुरकुर करत नाही.

कट्ट्यावरचं धारोष्ण दूध, म्हणजे धार काढून न तापवता तिथंच प्यायचं दूध, ही इथली जुनी आवड. म्हशीच्या दुधाचा मोठा ग्लास म्हणजे 250 कॅलरींच्या पुढे, तेव्हा तो चहा-नाष्ट्याच्या वर घेऊ नका, त्याच्या जागी घ्या. आणि कच्च्या दुधातून आजार येऊ शकतात, म्हणून आम्ही उकळूनच प्यायला सांगतो. काही जणांना हे आवडत नाही, पण सांगणं आमचं काम आहे.

पोट भरतं पण ताकद येत नाही, अशी तक्रार शाकाहारी घरांतून जास्त येते. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. त्यासाठी महागडी पावडर लागत नाही. जोंधळ्याच्या तीन भाकरी, दोन वाट्या उसळ, वाटीभर घट्ट वरण, एक कप दूध आणि मूठभर शेंगदाणे धरले की तिथपर्यंत पोचतो. अंडी खाणाऱ्यांना आणखी सोपं, एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम. अडचण अशी की उसळ चमचाभर असते आणि भात डोंगराएवढा. वाढायचा क्रम बदला: आधी उसळ आणि कोशिंबीर, मग भाकरी, भात शेवटी. पावसाळ्यात नाचणीची भाकरी किंवा आंबील ठेवा, 100 ग्रॅम नाचणीत कॅल्शियम दुधापेक्षा जवळजवळ तिप्पट असतं.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक लहान चमचा. कांदा-लसूण चटणीतही मीठ असतं, ते यातच धरायचं.

जत्रा, लग्न, गोंधळ, सवाष्ण, आषाढातल्या रविवारची मटणाची पंगत, तिथे पोटभर जेवा. ताट नाकारून माणसं दुखवू नका. वर्षातले असे दिवस मोजून बघा, फार नसतात. तब्येत बिघडते ती उरलेल्या मंगळवार-बुधवारांनी.

हे आधी सांगा, लपवू नका

चालताना छातीत दडपण येणं, डावा हात किंवा जबडा दुखणं, चक्कर येणं असं काही झालं असेल तर आधी डॉक्टर, मग आम्ही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि साखर एकदम उतरली तर म्हणून खिशात साखरेची पुडी ठेवा. साखर असलेल्यांनी अनवाणी चालू नये. नवीन व्यायामानंतर दोन दिवस मांड्या ठणकतात ते ठीक आहे, पण सांध्यात सुई टोचल्यासारखं दुखलं तर थांबा आणि आम्हाला सांगा.

कंबर मात्र आजच मोजा. शिलाईची टेप नाभीच्या रेषेत धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. पुरुषांची 90 सेंटीमीटरच्या वर किंवा बायकांची 80 च्या वर गेली असेल, तर वजन कितीही असो, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या.

खाडा झाला तर

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी या. दोन महिने चुकले तरी या. 'कुठं होता इतके दिवस?' असं आमच्याकडे कुणी विचारणार नाही, शिकवणाऱ्या मुलांना तशी ताकीद आहे. परत आल्यावर जिथे सोडलं होतं तिथून सुरू करायचं नाही, निम्म्यावरून करायचं. जुनं वजन उचलायला जाऊनच माणसं पाठ धरतात आणि मग कायमची सुटतात.

पहिली भेट

पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ आम्ही असतो. बायकांसाठी सकाळी दहा ते बारा वेगळी वेळ आहे, तेव्हा शिकवायला ताईच असतात. रविवारी बंद. बूट, टी-शर्ट नवीन घ्यायची घाई नको, अंगाला मोकळे होतील असे घरातले कपडे चालतील. पोट भरलेलं असेल तर दीड तास जाऊ द्या.

येताना तीन गोष्टी कागदावर लिहून आणा: घरात किती माणसं जेवतात, तेलाचा डबा कधी फोडला होता आणि कधी संपला, आणि दिवसातली कुठली दहा मिनिटं रोज तुमची स्वतःची असतात. तिसरीचं उत्तर सापडलं नाही तर तसंच या, इथे बसून दोघं मिळून शोधू.