म्हाताऱ्या पाळीव साळिंदराची देखभाल

साळिंदर पाळतात हे ऐकूनच आपल्याकडे लोक हसतात, पण अमेरिकेत आणि युरोपात काही घरांत, छोट्या शैक्षणिक प्राणीशाळांत साळिंदरं पिल्लं असल्यापासून हातावर वाढवलेली असतात. त्यातली जास्त करून तीन प्रकारची: दक्षिण अमेरिकेतलं शेपटीने फांदी पकडणारं साळिंदर, उत्तर अमेरिकेतलं झाडावर चढणारं, आणि आफ्रिकेतलं तुरेवालं जे जमिनीवरच राहतं. उंदराच्या जातकुळीतला प्राणी म्हणून दोन-तीन वर्षांचा पाहुणा असं कोणी समजत असेल तर चुकतंय. नीट सांभाळलेलं साळिंदर पंधरा-वीस वर्षं आरामात जगतं, मलायन साळिंदर तर बंदिवासात 27 वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे. म्हणजे कॉलेजात असताना आणलेलं पिल्लू स्वतःची मुलं शाळेत जायला लागली तरी घरातच असतं, आणि शेवटची काही वर्षं ते म्हातारं असतं.

आता खरी अडचण. म्हातारं कुत्रं बारीक झालं तर बरगड्या दिसतात, साळिंदराचं तसं नाही. उत्तर अमेरिकन साळिंदराच्या अंगावर साधारण 30,000 काटे असतात, त्यात दाट केस, त्यामुळे आत शरीर पार खंगलं तरी वरून तोच गुबगुबीत गोळा दिसतो, आणि हात फिरवून बघावं म्हटलं तर कुठे फिरवणार! म्हणून या सगळ्या देखभालीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे वजनकाटा. तरुणपणीच शेंगदाण्याच्या आमिषाने वजनकाट्यावर चढून उभं राहायची सवय लावतात, दर आठवड्याला त्याच वेळी वजन घेऊन वहीत लिहितात, आणि आकडा सलग दोन-तीन वेळा खाली गेला की डॉक्टरकडे. ही सवय म्हातारपणी लावायला गेलात तर वेळ निघून गेलेली असते, आणि जबरदस्ती केली तर ते पाठ फिरवून काटे फुलवतं, मग विषयच संपला. (काटे फेकून मारतं वगैरे सगळं खोटं, टोचले की सुटून येतात एवढंच. पण उत्तर अमेरिकन काट्याच्या टोकाला उलटे बारीक दाते असतात, आणि त्यांच्यामुळे काटा आत कमी जोरात घुसतो पण बाहेर निघताना जास्त अडतो हे 2012 साली बॉस्टनच्या संशोधकांनी मोजून दाखवलंय.)

वजन उतरायचं कारण बऱ्याचदा तोंडात सापडतं. एकूण दात 20. पुढचे चार पटाशीचे दात, लोहामुळे नारिंगी दिसणारे, मरेपर्यंत वाढत राहतात. दाढांचं तसं नाही, त्या झिजतात आणि झिजल्या की संपल्या. म्हणजे म्हाताऱ्या जनावराची दोन्हीकडून पंचाईत, पुढे दात वाढतायत कारण कडक लाकूड कुरतडणं कमी झालंय, आणि मागे चावायला काही उरलं नाही. हनुवटी ओली दिसणं, घास तोंडात घोळवून टाकून देणं, एकाच बाजूने चावणं, आवडतं रताळं हुंगून सोडून देणं, ही लक्षणं. वाढलेले दात घरी नेलकटरने कापायचे नाहीत, उभे चिरतात, ते डॉक्टर भूल देऊन घासून कमी करतात आणि त्याच भुलीत एक्स-रे, रक्त, नखं सगळं उरकून घेतात, कारण म्हाताऱ्या जनावराला पुन्हा पुन्हा भूल देणं कोणालाच नको असतं.

खायला मग उकडलेलं रताळं, गाजर, पालेभाजी, आणि पाला खाणाऱ्या प्राण्यांसाठी मिळतात ती बिस्किटं पाण्यात भिजवून. फांद्या मात्र बंद करायच्या नाहीत, विलो किंवा सफरचंदाच्या कोवळ्या डहाळ्या ठेवायच्याच, साल सोलण्यात त्यांचा अर्धा दिवस जातो. पचन आतड्यातल्या जंतूंच्या भरवशावर चालतं म्हणून दिवसभर काहीच खाल्लं नाही तर ‘उद्या बघू’ चालत नाही. उलट टोकाला, कायम पिंजऱ्यात आणि हातात सतत शेंगदाणे, केळी, मका असं वाढलेलं साळिंदर लठ्ठ होतं, आणि ते वजन पुढे सांध्यांवर येतं.

सांध्यांचं दुखणं झाडावर चढणाऱ्यांना जास्त. जंगलातसुद्धा ही साळिंदरं झाडावरून पडतात. न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरात अभ्यास करणाऱ्या उल्डिस रोझ यांना साधारण तिसऱ्या हिश्शाच्या सांगाड्यांत जुळून आलेली मोडलेली हाडं सापडली होती. तेव्हा म्हातारपणी फांद्या खाली आणायच्या, मध्ये उतरत्या फळ्या लावायच्या, खाली जाड पेंढा किंवा रबरी मॅट, कारण टणक फरशीवर बसून बसून तळव्यांना जखमा होतात. शेपटीवाल्याची पकड ढिली झाली की ते आधी शेपटीने चाचपतं आणि मग पाय टाकतं, हे बघितलं की समजायचं आता उंची कमी करायची वेळ आली. दुखण्यावर मेलॉक्सिकॅमसारखं औषध देतात पण डोस डॉक्टरनेच ठरवायचा, घरातल्या माणसांच्या गोळ्या अजिबात नाहीत. नजर मुळातच कमजोर, सगळा कारभार नाकावर, म्हणून खोलीतलं सामान हलवायचं नाही आणि जवळ जाताना आधी बोलायचं. दचकलं तर काटे तुम्हालाच.

खाणं, चढणं, अंग साफ ठेवणं या तिन्ही गोष्टी सुटल्या आणि औषधाने फरक पडेना, की तिकडे डॉक्टर शांत मरण देण्याबद्दल बोलतात. तुरेवाली साळिंदरं जोडीने राहतात, एक गेलं की दुसऱ्याच्या खाण्यावर आणि वजनावर पुढचे काही आठवडे डोळा ठेवावा लागतो.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे, कॅलिफोर्नियात तर साधं फेरेटही (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) पाळता येत नाही. भारतात प्रश्नच नाही: आपलं साळिंदर, ज्याला कुठे सायाळ तर कुठे साळू म्हणतात, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, घरी ठेवणं गुन्हा. शेतात पिल्लू किंवा जखमी म्हातारं सापडलं तर महाराष्ट्रात वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे.