तुऱ्यावरचा काळा डाग: थंडीनं गोठला की देवी आली?

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दोन दिवस आधी सकाळीच शेजारच्या मावशी कोंबडा काखेत धरून दारात उभ्या. "बघा की हो, तुरा गोठला ह्याचा!" पुण्यातल्या लेकानं त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ धाडला होता. त्यातल्या बर्फातल्या कोंबड्याचा तुरा असाच काळा दिसत होता. मावशींनी रात्रीच तुऱ्याला व्हॅसलिन चोळलं होतं आणि खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद गच्च आवळला होता.

कोंबडा उन्हात धरून नीट पाहिला. तुऱ्याची टोकं लालभडक, अगदी ताजी. काळं होतं ते तुऱ्याच्या बुडाशी, एकाच बाजूला. आणखी दोन ठिपके चोचीच्या कोपऱ्यात. बोट फिरवलं तर मसुरीच्या डाळीएवढी खरखरीत खपली लागली. डाव्या पापणीवर एक पिवळसर पुटकुळी नुकती उठत होती. ही देवी होती, कोंबड्यांना होणारा फोडांचा आजार. हिमदंश नव्हे.

हिमदंशात अंगातलं पाणीच गोठतं. त्यासाठी पारा शून्याच्या खाली जावा लागतो, आणि खुराड्यात ओल असली तर तो लवकर होतो. तुऱ्याला पिसांचं पांघरूण नाही आणि त्याची टोकं पातळ, म्हणून मार आधी टोकांवर बसतो. नंतर चोचीखालची लोंबती लाल कातडी आणि पायाची बोटं. टोकं आधी पांढुरकी, निस्तेज पडतात, मग सुजतात, काळी होऊन वाळतात आणि शेवटी झडून जातात. एकाचा हिमदंश दुसऱ्याला लागत नाही. आपल्याकडं परभणीचा पारा फार खाली येतो, पण कडाक्याच्या लाटेतही तो दोन-तीन अंशांवर थांबतो. कोंबडीच्या अंगाची ऊब ४१ अंशांच्या आसपास असते. पिसं कोरडी आणि पोट भरलेलं असेल तर मोठी कोंबडी ही थंडी सहज काढते. मराठवाड्यात काळा डाग दिसला, तर हिमदंश मनात येण्याचं कारणच नाही.

देवी विषाणूची. तो मुख्यतः डास चावून पसरतो, शिवाय आजारी कोंबडीची खपली दुसरीच्या जखमेला लागली तरी. पाऊस सरल्यावर सांडपाण्यात, जुन्या टायरात, कोंबड्यांच्या पाण्याच्या कुंडीत डास वाढलेले असतात. म्हणून थंडीच्या तोंडावर देवी दिसते आणि नाव थंडीचं होतं. आधी फिकट पुटकुळी, मग पिवळसर फोड, मग काळपट खपली. पिसं नसलेल्या जागी ती कुठंही उठते: तुरा, पापणी, चोचीचा कोपरा. आणि आज एकीला, आठवड्याने दुसरीला, अशी पुढं सरकते.

म्हणून चुकीचं निदान महागात पडतं. व्हॅसलिननं कोंबडा मरत नाही, पण दिवस वाया जातात. प्लास्टिक मात्र खरंच वाईट. मावशींचं खुराडं उघडलं तर डोळ्यांना झोंबेल असा विष्ठेचा वास आला आणि पत्र्याला आतून पाण्याचे थेंब लटकत होते. अशा कोंदट हवेत कोंबड्यांना घरघर लागते. थंड मुलखातही असं गच्च बंद करत नाहीत, कारण तीच ओल तिथं तुरा गोठवते. उत्तरेचं वारं अडवायला, कोंबड्या बसतात त्या दांडीच्या उंचीपर्यंत गोणपाट किंवा तुराट्यांचा कूड पुरे. वर पत्र्याखाली फट उघडीच हवी, तिला डासांची जाळी लावायची.

देवीच्या विषाणूवर औषध नाही. खपल्या तीन-चार आठवड्यांत आपोआप गळतात, तोवर नखानं काढू नका. त्याखाली जखम होते आणि पडलेल्या खपलीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. डोळा चिकटला तर कोमट पाण्यात मीठ टाकून कापसानं पुसा, नाहीतर दाणा दिसत नाही म्हणून कोंबडी उपाशी राहते. तोंडात पिवळट साय धरली आणि श्वास अडखळू लागला तर घरी थांबू नका, पशुवैद्यकांकडं न्या. ही देवी माणसाला होत नाही.

एक गोष्ट या दोन्हींत धरू नका. तुरा ठिपक्यांनी नव्हे तर सगळाच निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं आणि एका रात्रीत दोन-चार कोंबड्या मेल्या, तर मेलेल्या कोंबडीला हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्याला शेकड्यांनी कोंबड्या मेल्या, तो बर्ड फ्लू निघाला होता.

आपल्याकडं थंडी खरी मारते ती पिल्लांना. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर ऊब कमी, कडेला पसरून चोच उघडी टाकत असतील तर जास्त.

मावशींच्या तीन तलंगांना, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांना, अजून काही उठलं नव्हतं. देवीची लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. एका कुपीत पुष्कळ कोंबड्यांपुरते डोस असतात आणि कुपी फोडल्यावर ठेवता येत नाही, म्हणून गल्लीतल्या पाच घरांनी मिळून डॉक्टरांना बोलावलं. आठव्या दिवशी पंख उचलून पाहिले. दोघींच्या पडद्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आली होती, म्हणजे लस लागली. तिसरीचा पडदा सपाटच होता. तिला पुन्हा टोचून घेतलं.