सॉर्ट आणि फिल्टर (स्प्रेडशीटमधील यादी)

स्प्रेडशीटमध्ये भरलेल्या यादीतल्या ओळी ठरावीक क्रमाने लावणे म्हणजे सॉर्ट, आणि हव्या तेवढ्याच ओळी समोर ठेवून बाकीच्या तात्पुरत्या झाकणे म्हणजे फिल्टर. सॉर्टने ओळींच्या जागा बदलतात. फिल्टरने जागा जिथल्या तिथे राहतात, काही ओळी फक्त दिसेनाशा होतात. एवढा फरक मनात पक्का असला की शीटवरच्या निम्म्या चुका टळतात.

ही कामे संगणकाच्या आधीपासूनची आहेत. कोल्हापूरच्या गूळ बाजारातल्या अडत दुकानात रोजकीर्द तारखेने लिहिली जाई आणि तीच नोंद पुढे खतावणीत नावाने उतरवली जाई. कोणत्या दिवशी किती आवक झाली ते कीर्दीत पाहायचे, कोणाचे किती देणे-येणे ते खतावणीत. एकच व्यवहार दोन क्रमांनी हवा म्हणून दोनदा लिहायचा. स्प्रेडशीटने ही दुसरी लिखाई वाचवली. यादी एकदाच भरायची. तारखेने लावली की ती कीर्द, नावाने लावली की खतावणी.

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-२ संगणकासाठी व्हिसिकॅल्क तयार केले, तेव्हा भर आकडेमोडीवर होता. १९८३ च्या लोटस १-२-३ मधले तीन आकडे हिशेब, आलेख आणि माहितीची यादी या तीन कामांचे होते. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. एक्सेल २००७ पासून एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात (त्याआधी ६५,५३६) आणि सॉर्टला ६४ पातळ्या (एकामागून एक लावायचे कॉलम) लावता येतात. पूर्वी तीनच लावता येत.

ओळ फुटणे

यादीत एक ओळ म्हणजे एक माणूस, एक पावती किंवा एक शेत. करवीर किंवा कागल तालुक्यातल्या एखाद्या गावच्या दूध संस्थेची यादी घेऊ. उत्पादकाचा कोड, नाव, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि रक्कम, असे तिचे कॉलम असतात. दहा दिवसांचे बिल काढताना सर्वांत मोठी रक्कम वर हवी म्हणून कोणी फक्त रकमेचा कॉलम निवडून सॉर्ट केला, तर रकमा हलतात आणि नावे जागच्या जागी राहतात. एकाच्या दुधाचे पैसे दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतात. एक्सेल अशा वेळी शेजारचे कॉलमही घ्यायचे का, असे विचारते. घाईत ‘आहे तेवढेच’ निवडले की यादी मोडते. गूगल शीट्समध्ये निवडलेल्या भागापुरताच सॉर्ट केला तर तेवढाच भाग हलतो.

या चुकीची खरी भीती वेगळीच आहे. खालची बेरीज पहिल्याइतकीच येते. रकमा त्याच, फक्त जागा बदललेल्या, त्यामुळे ताळा जुळतो आणि हिशेब बरोबर आहे असे वाटत राहते. रक्कम सूत्राने काढलेली नसून आकडा म्हणून चिकटवलेली असेल, तर चूक उत्पादक बिल हातात घेऊन विचारायला येईपर्यंत उघडी पडत नाही. म्हणून सॉर्टनंतर बेरजेवर विसंबू नये. मधल्या दोन-तीन ओळी उचलून लिटर गुणिले दर करून पाहावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे यादीला आधीच टेबलचे रूप देणे (कंट्रोल-टी). मग सॉर्ट करताना सगळी ओळ एकत्रच हलते.

सॉर्टच्या आधी एक कॉलम अनुक्रमांकाचा असावा. फाइल बंद झाली की ‘अनडू’ संपते, पण अनुक्रमांकावर पुन्हा सॉर्ट केले की मूळ क्रम परत मिळतो. बेरजेची ओळ यादीला लागून ठेवली तर ती उत्पादकांमध्ये मिसळण्याचा धोका असतो, म्हणून मध्ये एक ओळ कोरी सोडावी. यादीच्या पोटात मात्र कोरी ओळ ठेवू नये. तिथेच यादी संपली असे एक्सेल धरते आणि खालचे लोक सॉर्टमधूनही सुटतात, फिल्टरमधूनही. पाच-सहा गावांच्या डाव्या बाजूला तालुक्याचे नाव एकत्र जोडलेल्या सेलमध्ये लिहिण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. छापायला ती छान दिसते, पण असे जोडलेले सेल असले की सॉर्ट अडतो. तालुका प्रत्येक ओळीत पुन्हा लिहावा.

कशावर लावायचे

कोल्हापूर जिल्ह्यातली कोणतीही यादी आडनावाने लावली की एक मोठा ढीग पाटलांचा होतो. तिथे एका पातळीने भागत नाही. आधी गाव, मग आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव अशा पातळ्या द्याव्या लागतात. त्यासाठी हे सगळे वेगळ्या कॉलममध्ये हवे. ‘पाटील बाळासो आप्पासो’ एकाच सेलमध्ये भरले की ही वाट बंद होते. शिवाय एका ठिकाणी ‘बाळासो’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘बाळासाहेब’ लिहिले, तर संगणकाच्या लेखी ती दोन माणसे.

मजकुरातले अंक संगणक अंक म्हणून वाचत नाही. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या पत्त्यांची यादी गल्लीच्या नावाने लावली तर १ ली गल्ली, मग १० वी, ११ वी आणि त्यानंतर २ री येते. गल्लीचा नुसता आकडा वेगळ्या कॉलममध्ये टाकणे हाच त्यावर सरळ उपाय.

सगळ्यात नाजूक बाब तारखेची, आणि ऊसपट्ट्यात ती पैशाची आहे. कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमात कोणाचा ऊस आधी तुटणार हे नोंदवलेल्या लागण तारखेवर ठरते. पाळी चुकली की ऊस रानातच राहतो, तुरे येतात, वजन घटते. संगणकाची मांडणी महिना आधी घेणारी असेल तर ०५/०७/२०२४ ही ५ जुलै न राहता ७ मे होते. २०/०७/२०२४ ला विसावा महिनाच सापडत नाही, म्हणून ती तारीख न होता नुसता मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला चिकटून राहते. चढत्या क्रमात एक्सेल आधी आकडे घेते (तारीखही आत आकडाच असते), मग मजकूर, आणि कोरे सेल कायम शेवटी. परिणामी २० जुलैच्या आडसाली (पावसाळ्यात लावलेल्या) उसाची ओळ पुढच्या फेब्रुवारीतल्या ‘सुरू’ हंगामाच्या लागणीच्याही खाली जाते. सॉर्टच्या आधी कॉलम रुंद करून तारखा उजव्या कडेला आहेत ना, हे बघायला अर्धे मिनिट लागते. ते जरूर द्यावे.

हंगामाने लावायचे असेल तर अक्षरक्रम उपयोगाचा नाही. त्यात आडसालीनंतर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक) येतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा हा क्रम ‘कस्टम लिस्ट’ म्हणून स्वतः द्यावा लागतो.

फिल्टर

कंट्रोल-शिफ्ट-एल दाबले की हेडिंगवर बाण येतात. एकाच कॉलममध्ये दोन नावांवर खूण केली की दोन्हीपैकी कोणतेही असलेल्या ओळी दिसतात. दोन वेगवेगळ्या कॉलमना फिल्टर लावला की दोन्ही अटी पाळणाऱ्याच उरतात. ‘म्हैस’ आणि ‘फॅट ६.० पेक्षा कमी’ असे लावले की ज्यांच्या दुधाकडे लक्ष द्यायला हवे ते उत्पादक पुढ्यात येतात.

फिल्टरचा एक उपयोग कमी लोक करतात, तो म्हणजे यादी तपासणे. बाण उघडला की त्या कॉलममधली सगळी वेगवेगळी नावे एकेकदा दिसतात. जिल्ह्यात तालुके बारा, आणि बाणाखाली चौदा नावे दिसली तर कुठेतरी ‘गडहिंग्लज’च्या जोडीला ‘गडहिंगलज’ शिरले आहे. पुढच्या-मागच्या रिकाम्या जागेनेही सॉर्ट बिघडतो. ती ‘ट्रिम’ने काढावी.

फिल्टर लावलेल्या यादीखाली ‘सम’ने केलेली बेरीज झाकलेल्या ओळीही धरते. दिसणाऱ्या ओळींचीच हवी तर ‘सबटोटल’ वापरावे. दुसरी काळजी पेस्टची. फिल्टर लावलेला असताना बाहेरून आणलेले दहा आकडे चिकटवले तर ते झाकलेल्या ओळींवरही जाऊन बसू शकतात. डावीकडचे ओळींचे क्रमांक निळे दिसत असतील आणि मधले आकडे गळत असतील, तर यादी अर्धी झाकलेली आहे हे ओळखावे. गूगल शीट्समध्ये एकाच शीटवर अनेकजण बसतात; तिथे ‘फिल्टर व्ह्यू’ घेतला की आपला फिल्टर दुसऱ्याच्या कामात येत नाही.

मराठी अक्षरक्रम

मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, मग क्ष आणि ज्ञ. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या पद्धतीत) मात्र ळ ची जागा ल च्या लगेच पुढे आहे, आणि क्ष हे क, हलन्त व ष असे साठवले जाते. यादी नुसत्या युनिकोडच्या क्रमांकाने लागली तर कळंबा आणि कळे ही गावे कसबा बावड्याच्या आधी येतात आणि क्षीरसागर आडनाव क च्या घोळक्यात शेवटी. कोशाच्या क्रमाने कसबा आधी यायला हवा. आपले सॉफ्टवेअर कोणता क्रम धरते हे ही दोन-तीन नावे टाकून लगेच कळते.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये भरलेल्या याद्यांची गत याहून वाईट आहे. कितीतरी संस्थांच्या जुन्या सभासद याद्या अशाच आहेत. पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन चिन्हे असतात आणि सॉर्ट त्यांच्यावर होतो. ऱ्हस्व वेलांटी तिथे अक्षराच्या आधी साठवलेली असते. त्यामुळे दिनकर, विलास आणि शिवाजी आपापल्या अक्षराखाली न जाता वेलांटीखाली एकत्र जमतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी, बदललेली नावे मूळ यादीशी ताडून पाहावी आणि मगच सॉर्ट करावे.